पहिले पान : हाक आणि हाकाटी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचा परिचय या सभागृहाला करून देण्याची आवश्यकता नाही. आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्या हाताखाली अक्षरे गिरवली आहेत. मुलांनी रोज वृत्तपत्र वाचावे आणि वाचलेले चार वाक्यांत सांगता यावे, असा त्यांचा आग्रह असे. संयोजकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा त्या आग्रहाचेच स्मरण झाले. मी कोणी विद्वान नाही. आयुष्याची बरीच वर्षे एका दैनिकाच्या रात्रपाळीत पान लावण्यात गेली. वृत्तपत्राच्या व्यवसायात ‘पान लावणे’ म्हणजे कोणती बातमी कोठे, किती जागेत आणि केवढ्या अक्षरांत जाईल हे ठरविणे. तेव्हा ज्या गोष्टीशी हाताचा परिचय आहे, तिच्याविषयीच बोलतो. लहान आकाराची, ठळक मथळ्यांची वृत्तपत्रे, ज्यांना आपण टॅब्लॉइड म्हणतो, ती आपल्या पहिल्या पानाची मांडणी करून वाचकाला कशी बोलावतात, आणि त्या बोलावण्याला आपण कोणता प्रतिसाद द्यावा, हा आजचा विषय आहे.

प्रथम या शब्दाकडे पाहू. ‘टॅब्लॉइड’ हा मुळात औषधाच्या दुकानातला शब्द. १८८४ मध्ये लंडनच्या बरोज वेलकम या औषध कंपनीने आपल्या दाबून केलेल्या गोळ्यांसाठी हे नाव नोंदविले. पुढे जे जे आटोपशीर, घोटीव आणि एका घोटात गिळता येण्यासारखे, त्या सर्वांना लोक हा शब्द लावू लागले. १९०३ मध्ये लंडनला ‘डेली मिरर’ निघाले आणि लवकरच ते छायाचित्रांचे दैनिक झाले. १९१९ मध्ये न्यूयॉर्कला ‘डेली न्यूज’ सुरू झाले. गोळीचे नाव अशा रीतीने वृत्तपत्राला चिकटले. गोळी औषधाची असते तशी नशेचीही असू शकते. या वृत्तपत्रांचा शंभर वर्षांचा इतिहास या दोहोंच्या मध्ये हेलकावत आलेला आहे.

पहिले पान बातम्यांसाठीच असते, असे आज आपल्याला वाटते. पूर्वी तसे नव्हते. लंडनच्या ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर ३ मे १९६६ पर्यंत बातम्या नव्हत्या, छोट्या जाहिराती होत्या. आपल्याकडे मद्रासच्या ‘हिंदू’ने १४ जानेवारी १९५८ रोजी पहिले पान बातम्यांना दिले. मराठीचा आरंभ पाहावा तर बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, ६ जानेवारी १८३२. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी, दोन स्तंभांत लावलेला. वाचकाला आकर्षित करावे हा हेतू त्या मांडणीत मुळीच नाही. ज्ञान देणारा शिक्षक आणि ते घेणारा विद्यार्थी समोरासमोर बसावेत, तसे ते दोन स्तंभ बसले आहेत. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला. १८९७ च्या जुलैमध्ये टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे शीर्षक अग्रलेखाला दिले, तेव्हा त्या शब्दांचा धाक अक्षरांच्या उंचीमुळे निर्माण झाला नव्हता. ते लिहिणाऱ्याच्या निर्भयतेमुळे निर्माण झाला होता.

मग मोठी अक्षरे आली कोठून? त्याचे उत्तर वाङ्मयात सापडत नाही, ते विक्रीच्या पद्धतीत आहे. जे वृत्तपत्र दुधाच्या रतिबासारखे घरी येते, त्याचा ग्राहक महिन्याच्या आरंभीच ठरलेला असतो. आजचा मथळा फिका झाला म्हणून उद्याचा अंक बंद होत नाही. परंतु जे वृत्तपत्र संध्याकाळी स्टेशनच्या फलाटावर फुटकळ विकले जाते, त्याला रोज नव्याने जन्म घ्यावा लागतो. मुंबईच्या चाकरमान्याला गाडी सुटायला दोन मिनिटे असतात. विक्रेत्याने अंक एकावर एक रचून किंवा दोरीला लटकावून ठेवलेले असतात. चालता चालता जी नजर त्यांवर पडते, ती क्षणभराची असते. त्या एका क्षणात वृत्तपत्राला आपले नाव, आपला मुख्य विषय आणि आपले चित्र अशा तीन गोष्टी त्या नजरेत घालाव्या लागतात. खिशातले नाणे बाहेर निघते ते त्यानंतर. गर्दीच्या डब्यात मोठे पान उलगडायला जागा नसते, म्हणून आकारही अर्धा.

या गरजेतून एक व्याकरण तयार झाले. मोठ्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आठ स्तंभ आणि दहा-बारा बातम्या असत. वाचकाची नजर तेथे बाजारात हिंडावी तशी हिंडे. टॅब्लॉइडच्या पानावर एकच बातमी राज्य करते. वर पत्राच्या नावाची पट्टी, बहुधा लाल. खाली पानाच्या रुंदीएवढा मथळा. त्याखाली एक मोठे छायाचित्र, आणि कडेला आतल्या पानांकडे बोट दाखविणाऱ्या दोन-तीन छोट्या चौकटी. मूळ बातमी पुष्कळदा पहिल्या पानावर नसतेच, ती आत असते. हे पान वाचण्यासाठी लावलेले नसते, ते पाहण्यासाठी लावलेले असते. नाटकाच्या जाहिरातीचे आणि या पानाचे नाते वर्तमानपत्राच्या अग्रलेखापेक्षा जवळचे आहे.

आपल्या देवनागरीने या व्याकरणात स्वतःची भर घातली. इंग्रजीत मोठी लिपी आणि लहान लिपी असा भेद आहे. सगळा मथळा मोठ्या लिपीत लावला की तो आपोआप ओरडल्यासारखा दिसतो. देवनागरीत ती सोय नाही. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, आणि खाली उकार. त्यामुळे दोन ओळींत अंतर अधिक ठेवावे लागते आणि उंची खर्ची पडते. एक इंच म्हणजे बहात्तर पॉइंट. त्या आकाराचा मथळा लहान पानावर लावायचा तर एका ओळीत दोन-तीनच शब्द बसतात. म्हणून मराठी सायंदैनिकांना लहान शब्द शोधावे लागले. संस्कृतप्रचुर ‘अपहार’ मागे पडून ‘घोटाळा’ आला, ‘प्रक्षोभ’ मागे पडून ‘भडका’ आला, ‘पराजय’ जाऊन ‘धुव्वा’ आला. वृत्तपत्राच्या भाषेला बोलीच्या जवळ आणण्याचे श्रेय आपण मोठमोठ्या संपादकांना देतो आणि ते योग्यच आहे. पण त्यातला काही वाटा पानाच्या रुंदीचाही आहे, हे पान लावणाऱ्याखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही.

ही शैली केवळ सवंगपणाची, असा समज करून घेऊ नये. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी आचार्य अत्रे यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केले. ते आकाराने मोठेच होते, पण त्याच्या मथळ्यांत सभेच्या व्यासपीठाचा आवाज होता आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो आवाज गिरणगावातल्या चाळीपर्यंत पोचला. जो कामगार अग्रलेखाला बिचकत होता, तो मथळा वाचू लागला आणि मथळ्यावरून बातमीकडे वळला. पुढे १९९० मध्ये मुंबईत ‘आपलं महानगर’ हे लहान आकाराचे सायंदैनिक निघाले आणि सत्तेशी व झुंडशाहीशी भांडण्याकरिताही ही मांडणी वापरता येते, हे त्याने दाखविले. पुण्याच्या ‘संध्यानंद’ने आणखी वेगळी वाट धरली. जगाच्या कानाकोपऱ्यातल्या चमत्कारिक बातम्या छोट्या छोट्या चौकटींत देऊन त्याने दिवसभराच्या शिणलेल्या माणसाची करमणूक केली. तिघांची साधने सारखी, हेतू निरनिराळे.

आता या साधनांची दुसरी बाजू. १९२८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने, विजेच्या खुर्चीत देहदंड भोगणाऱ्या एका स्त्रीचे छायाचित्र पूर्ण पहिल्या पानावर छापले. छायाचित्रकाराने घोट्याला कॅमेरा बांधून ते चोरून घेतले होते. वर मथळा एकच शब्दाचा : ‘मेली!’ अंक हातोहात खपला. त्या चित्राने वाचकाच्या ज्ञानात कोणती भर घातली, या प्रश्नाला मात्र उत्तर नाही.

आपल्या मुंबईतले उदाहरण घ्या. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने हा खटला अनेक आठवडे पहिल्या पानावर चालविला. एरवी पंचवीस पैशांना मिळणारा अंक दोन रुपयांना विकला जात होता, असे सांगतात. पांढऱ्या गणवेशातल्या रुबाबदार अधिकाऱ्याची प्रतिमा इतकी ठसली की मृत माणसाची बाजू पानावर उरलीच नाही. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मृतांना छायाचित्रासाठी उभे राहता येत नाही. पहिल्या पानाच्या न्यायालयात नेहमी जिवंत आणि देखण्या पक्षकाराचे पारडे जड असते.

मित्रहो, येथवर मी जे सांगितले ते दूरच्या शहरांचे. आता आपल्या शहराकडे येतो, कारण या विषयाची खरी कसोटी माझ्या मते भोपाळमध्येच लागली. १९८२ हे वर्ष मी आपल्यापुढे ठेवतो. त्या वर्षी मे महिन्यात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्यात फॉकलंड बेटांवरून युद्ध चालू होते. २ मे रोजी ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडविली. लाखो प्रती खपणाऱ्या लंडनच्या ‘सन’ने ४ मेच्या पहिल्या आवृत्तीत पानभर मथळा लावला : ‘गॉचा!’ आपल्या बोलीत, ‘कसा सापडलास!’ जीवितहानीची कल्पना येऊ लागली तशी पुढच्या आवृत्त्यांत मथळा बदलण्यात आला. त्या नौकेवरची ३२३ माणसे मृत्यू पावली. तो मथळा साऱ्या जगाने पाहिला. आजही पत्रकारितेच्या पुस्तकांत त्याचे छायाचित्र असते.

त्याच वर्षी, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये, भोपाळच्या ‘रपट’ नावाच्या एका लहानशा साप्ताहिकाने युनियन कार्बाइडच्या कारखान्याविषयी लेख छापले. लिहिणारे आणि छापणारे एकच, राजकुमार केसवानी. ‘बचाइए हुज़ूर, इस शहर को बचाइए’ हा एका लेखाचा मथळा. भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, असे दुसऱ्यात म्हटले होते. न समजाल तर शेवटी नाहीसेच व्हाल, असा इशारा तिसऱ्याच्या मथळ्यात होता. या शब्दांचा सूर पाहा. ‘वाचवा’, ‘ज्वालामुखी’, ‘नाहीसे व्हाल’. कोणत्याही सनसनाटी पत्राने उचलावेत असेच हे शब्द आहेत. त्या दिवसांत एखाद्या सुशिक्षित गृहस्थाच्या हाती तो अंक पडला असता, तर त्याने हसून बाजूला ठेवला असता, आणि त्याचे फारसे चुकले असेही कोणी म्हटले नसते. अशी अक्षरे रोज कोठे ना कोठे दिसतच होती.

परंतु त्या मथळ्यांखाली काय होते? डिसेंबर १९८१ मध्ये त्या कारखान्यात विषारी वायूच्या गळतीने झालेला एका कामगाराचा मृत्यू होता. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीतल्या सुरक्षेच्या त्रुटी होत्या. ठिकाण होते, तारीख होती, कागद होता. विधानसभेत प्रश्न आला, तेव्हा कारखाना म्हणजे इकडून तिकडे हलविण्याजोगा दगड नव्हे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. जून १९८४ मध्ये केसवानींनी ‘जनसत्ता’त पुन्हा तोच इशारा दिला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत २ आणि ३ डिसेंबरच्या मधली ती रात्र आली. त्या रात्रीविषयी या सभागृहात मी काही सांगावे, असे नाही. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी ती पाहिली आहे.

मग जगातल्या प्रत्येक वृत्तपत्राचे पहिले पान भोपाळला मिळाले. मातीत पुरल्या जाणाऱ्या एका अनाम बालकाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सर्वोच्च सन्मान मिळाला. केसवानींना १९८५ मध्ये गोएंका पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. पुरस्कार हा झालेल्या कामाचा गौरव असतो. त्यांना हवे होते ते मात्र वेगळेच होते. कोणीतरी वेळेवर वाचावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

एकाच वर्षातले हे दोन मथळे. दोन्ही मोठ्या आवाजातले. एक घडलेल्या मृत्यूचा उत्सव करणारा, दुसरा यावयाच्या मृत्यूपासून सावध करणारा. आपल्या भाषेत यांसाठी दोन शब्द आहेत. एकाला हाकाटी म्हणतात, दुसऱ्याला हाक. हाकाटी गर्दी जमविण्यासाठी असते. हाक एखाद्याला नाव घेऊन, कारण सांगून मारलेली असते. अडचण अशी की कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. तोच टाईप, तीच शाई, तेच उद्गारचिन्ह.

म्हणून माझे पहिले सांगणे पान लावणाऱ्यांना आहे. त्यांत या शाळेचे काही माजी विद्यार्थीही असतील. आमच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे दिवस होते, तेव्हा सर्वांत मोठ्या आकाराची लाकडी अक्षरे एका वेगळ्या पेटीत ठेवलेली असत आणि ती पेटी फोरमनच्या ताब्यात असे. एका रात्री कसल्याशा राजीनाम्यासाठी मी ती अक्षरे मागितली. ते वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “देतो, साहेब. पण उद्या याहून मोठं काही घडलं तर काय लावणार?” पेटी उघडण्यापूर्वी हा प्रश्न विचारणारा माणूस आता छापखान्यात उरलेला नाही. संगणकावर अक्षर हवे तेवढे फुगते, त्याला वजन नाही आणि पेटीही नाही. परंतु वाचकाच्या विश्वासाची पेटी अजून आहे आणि ती मर्यादित आहे. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्या मुलाला आपण खोटारडा म्हणतो. त्याच्या खोटेपणाची किंमत मेंढरांनी दिली, हे विसरतो. रोज हाकाटी करणारी पत्रे स्वतःचीच पत घालवितात असे नाही, ती शेजारच्या खऱ्या हाकेचीही पत घालवितात. ‘रपट’चा आवाज ज्या गोंगाटात बुडाला, तो गोंगाट ‘रपट’ने केलेला नव्हता.

दुसरे सांगणे वाचकांना. मांडणी भडक आहे म्हणून बातमी खोटी, आणि मांडणी सोज्वळ आहे म्हणून बातमी खरी, ही सुशिक्षितांची आवडती समजूत आहे. ती सोयीची असते, कारण अप्रिय गोष्ट तिच्या आवाजावरून नाकारता येते. अक्षराचा आकार एवढेच सांगतो की या पत्राला आपल्याकडून काय हवे आहे. खरे-खोटे ठरविण्यासाठी मथळ्याखाली उतरावे लागते. तेथे गेल्यावर चार गोष्टी शोधाव्यात. हे कोण म्हणतो? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? ठिकाण आणि तारीख दिली आहे काय? आणि ज्याच्याविरुद्ध हे आहे, त्याचे म्हणणे कोठे आहे? मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर विशेष सावध व्हावे. टिळकांचे प्रश्नचिन्ह सरकारला जाब विचारीत होते. आजचे प्रश्नचिन्ह पुष्कळदा, आमच्यावर जबाबदारी नाही, एवढेच सांगते. छायाचित्र पाहताना, चौकटीबाहेर कोण राहिला, हाही प्रश्न विचारावा.

आज पहिल्या पानाचे रूप पुन्हा पालटले आहे. सणासुदीला वृत्तपत्र हाती घ्यावे तर पहिले पानच काय, दुसरे आणि तिसरेही संपूर्ण जाहिरातीचे असते, म्हणजे एकोणिसाव्या शतकात होतो तेथे आपण फिरून आलो आहोत. काही जाहिराती बातमीचा वेष घेतात आणि ‘जाहिरात’ हा शब्द मुंगीएवढ्या अक्षरांत कोपऱ्यात लपवितात. तरुणांचे पहिले पान तर आता हातातल्या फोनचा पडदा आहे. तो फलाटावरच्या त्या सायंदैनिकापेक्षाही लहान, आणि नजरेचा क्षण त्याहूनही अल्प. तेथे दर काही मिनिटांनी एक नवा मथळा उगवतो. फलाटावरच्या दोन मिनिटांसाठी बनलेले व्याकरण आता दिवसाचे चोवीस तास आपल्या खिशात चालू असते. म्हणूनच ते ओळखण्याची विद्या शाळेत शिकविली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी साधनेही दूर नाहीत. ज्या १९८४ ने भोपाळला शोक दिला, त्याच वर्षी जूनमध्ये या शहरात माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय सुरू झाले. सप्रे हे मराठी घरातले. दमोह जिल्ह्यात पथरियाला १८७१ मध्ये जन्मलेले. त्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, पुढे नागपुराहून ‘हिंदी केसरी’ चालविला, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्या माणसांचे ते पूर्वज आहेत. जुनी पाने तेथे पाहावयास मिळतात. शिक्षकांनी आपल्या मुलांना एकदा तेथे न्यावे, शंभर वर्षांपूर्वीचे पान आणि आजच्या सकाळचे पान शेजारी शेजारी ठेवावे आणि एकच प्रश्न द्यावा : यांतली हाक कोणती आणि हाकाटी कोणती? मुले चुकतील, वाद घालतील. वर्गात घातलेला तो वाद त्यांना पुढे जन्मभर पुरेल.

गुरुवर्यांनी रोज चार वाक्यांत बातमी सांगावयास लावले. मथळा पाठ करून ती चार वाक्ये सांगता येत नाहीत, त्यासाठी खालचा मजकूर वाचावाच लागतो. त्यांच्या त्या साध्या शिस्तीत आजच्या या सगळ्या व्याख्यानाचे सार आहे. या शहराने न वाचलेल्या एका पानाची फार मोठी किंमत दिली आहे. येथल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने तरी मथळ्यापाशी थांबू नये.